मानाचा फोन

मांडवाच्या दिवशी सकाळी पार्वतीच्या तांदळाच्या पिंपातून गाणं ऐकू यायला लागलं.

पार्वतीचे हात वड्यांच्या पिठात कोपरापर्यंत बुडालेले. तिनं आधी पिंपाकडं बघितलं, मग देवाकडं. भोईरांच्या घरात नवलाच्या गोष्टी काही कमी झाल्या नव्हत्या. तिचा सासरा कोंडू एकदा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून रुसला, तो मचवा घेऊन खाडीत जाऊन बसला. सासू ओहोटीला चिखल तुडवत आणि भरतीला पोहत त्याला भाकर पोचवायची. शेवटी खाडीतले निवटे, चिखलातले ते उड्या मारणारे मासेच, कंटाळले आणि त्यांनी शेपट्या लावून मचवा किनाऱ्याला ढकलला. खोटं वाटत असेल तर अंजूरच्या खाडीवर जाऊन निवट्यांना विचारा. पण गाणारं पिंप मात्र या घरानं कधी बघितलं नव्हतं.

हात पुसून तिनं झाकण काढलं. तांदळात तिच्या पोराचा, दीपेशचा मोबाईल, निम्मा पुरलेला, ओरडून ओरडून इतका तापलेला की वर एखादा बोंबील भाजून निघाला असता.

"हॅलो."

"दीपेश भोईर का घर है? कौन बोल रहा है?"

"उसकी आई. तुम कोन?"

"रिकवरी से बोल रहा हूँ. आपका बेटा चोर है. लोन लेके भाग गया है."

"भाग के कुठं गया? वो तो अंगण में मांडव का खड्डा खोद रहा है. देऊ क्या उसको?"

पलीकडचा आणखी आवाज चढवून म्हणाला, "शाम तक पैसा नहीं आया ना, तो उसके मोबाइल में जितने नंबर हैं, सबको फोन जाएगा. फोटो भी जाएगा. पूरे गाँव में मुँह दिखाने लायक नहीं रहोगे."

पार्वतीनं फोन ठेवला आणि दाराशी जाऊन हाक मारली. तिची ही हाक दीपेशला लहानपणापासून ठाऊक होती. फावडं टाकून तो आत आला आणि आईच्या हातात फोन बघून पिंपाला टेकून खाली बसला.

"चार दिवस नीट जेवत न्हाइस. मना वाटलं बहीण सासरी जाते म्हणून. हे हाय व्हय?"

"आई, मृणालीच्या हळदीला पोरांचे मॅचिंग शर्ट शिवायचे होते."

"मग?"

"पोरं बोलली, तू घे, आम्ही नंतर देतो. गोदामाचा पगार दहा तारखेला. मोबाईलवर ते ॲप आलं, पाच मिनिटांत पैसे. पाच हजार मागितले, हातात तीनच आले. पगार झाल्याबरोबर मी पाच भरले, आई, शप्पथ. आता ते बोलतात बारा भर. रोज वेगळ्या नंबरवरनं शिव्या देतात."

"आन शर्ट?"

"आलेत ना. मोरपंखी."

"पोरांनी पैसे दिले?"

पार्वतीनं विचारलंच उगाच. गावातल्या पोरांनी नंतर दिलेले पैसे आणि अमावास्येचं चांदणं, दोन्ही कुणी बघितलेलं नव्हतं.

"पप्पांना सांगू नको," तो म्हणाला. "ॲपमध्ये ओळखीच्या एका माणसाचं नाव लिहायला लागतं. पैसे आले न्हाय तर पहिला फोन त्याला. म्हणून मी डोकं चालवून असं नाव दिलं की आपल्या घरात कळणारच न्हाय."

"कोनाचं दिलंस?"

"महादूकाकाचं."

पार्वतीला वाटलं, अंगणातल्या खड्ड्यात मेढीआधी यालाच उभा पुरावा.

भोईरांची दोन घरं समोरासमोर, मधे एकच अंगण. थोरला महादू, धाकटा पार्वतीचा नवरा हिरामण. सहा वर्षांपूर्वी हिरामणनं रस्त्याकडेच्या भातखाचरावर गोदाम बांधलं आणि गोदामाच्या संडासाची भिंत दीड हात महादूच्या जमिनीत गेली. त्या दीड हातावरून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. पण समोरासमोर राहायचं तर निरोप लागतोच. म्हणून दोघं बकरीशी बोलायचे. "बकऱ्ये, पान्याचा टॅंकर आलाय, लोकांनी भरून घ्यावं," असं हिरामण म्हणायचा. मग महादू आपल्या ओट्यावरून, "बकऱ्ये, आमाला डोळे हायेत." ती पहिली बकरी तीन वर्षांत खंगून मेली. लोक म्हणाले आजार. पार्वतीला ठाऊक होतं, ते ओझं होतं.

आणि या घरातली रीत अशी की मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मेढ, ती थोरल्या घरानं रोवायची आणि लग्नघरच्या बापानं धरायची. दोघांचे हात लागल्याशिवाय मांडव नाही, मांडव नाही तर हळद नाही. महिनाभर पार्वतीनं महादूच्या घरी माणसं पाठवून पाठवून त्यांच्या चपला झिजवल्या. महादूचं एकच उत्तर, "ज्याला माझी जमीन लागते त्याला मी क्याला लागतो?" आज दुपारच्या आत मेढ उभी राहायला हवी होती. आणि या शहाण्यानं, बोलत नाही म्हणून, नेमकं त्याच काकाचं नाव वसुलीवाल्यांना दिलं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरात फोन वाजला.

मायलेक दोघं खिडकीला चिकटले. महादूचा आवाज आला, "हां, मैं महादू भोईर. बोल." मग, "अच्छा?" मग, "फिरसे बोल." मग कपाटाचं दार वाजलं.

"गेलं," पार्वती म्हणाली. "मेढ गेली, हळद गेली. आता तुझ्या बहिणीला साडीच्या झोळीत बसवून सासरी पोचवू."

महादूचं दार उघडलं. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात चेन. असा तो फक्त मतदानाला आणि मयताला निघायचा. अंगण ओलांडून तो थेट पार्वतीच्या दारात आला. बकरी मधे उभी होती, तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही. तिला बिचारीला कसंतरीच झालं असेल.

पार्वतीनं पदर सावरला. "भाऊजी, पोर हाय. चुकलं."

"मना फोन आला," महादू म्हणाला.

"व्हय, ऐकलं. तुमाला तरास..."

"पयला." महादूनं बोट वर केलं. "त्यो मानूस सोता बोलला, रेफरन्स में पहला नाम आपका है. म्या इचारलं, बाप का नाम न्हाय? बोलला न्हाय. मामा का? न्हाय. सिर्फ आपका." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "सहा वरसं मी समोर ओट्यावर बसलोय भूतावानी. वाटलं, या घराला मी मेलो. आन पोरानं अडीनडीला लिवलं कोन? मोठा काका."

दीपेशनं तोंड उघडलं. पार्वतीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"त्याचा जीवच हाय तुमच्यावर," ती म्हणाली.

महादूच्या मागून त्याची बायको रंजिता आली, ती पार्वतीच्या कानाला लागली. "बाय गं, त्याच नंबरला परत लावून परत ऐकलं त्यांनी. तो शिव्या घालतोय आन हे बोलतात, नाव परत घे, फुल नाव घे."

"खनती कुठं हाय?" महादू बाह्या सारत म्हणाला. "मेढ मी रोवतो. हिरामण कुठं हाय?"

पार्वतीला वाटलं, त्या वसुलीवाल्याच्या नावानं वज्रेश्वरीला नारळ फोडावा. पण भोईरांच्या घरात नारळ फुटायच्या आधी कवटीच फुटते.

कारण महादूला गप्प बसवेना. त्यानं अंगणातून रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन आल्याचं सांगितलं. तोवर वसुलीवाल्यानं बोलल्याप्रमाणे यादी सुरू केली होती. इंग्रजी एबीसीडीनं वरून खाली. पहिला अनंता गॅरेजवाला. त्याला फोन आला तसा तो ग्रीसच्या हातानं धावत आला आणि महादूशेजारी ओट्यावर जाऊन बसला. "मना पन," तो म्हणाला. मग बॅंजोवाला आला. मग भरत चिकनवाला. प्रत्येक जण येताना केस विंचरून आला होता. ओट्यावर अशी रांग बसली जशी आहेराला बसते, आणि महादू मधे पाटावर, कारण त्याचा फोन पहिला.

भाऊकीच्या ग्रुपवर फोटोही पडला. दीपेशचं तोंड, त्याला कुणाचं तरी दुसरंच धड लावलेलं, खाली लाल अक्षरात चोर. मृणाली ओल्या मेंदीचे हात सांभाळत बाहेर आली. तिनं फोन लांबून बघितला.

"यात बारीक दिसतो," ती म्हणाली.

"बरा दिसतो," रंजिता म्हणाली. "याच्या लग्नाच्या वेळी हाच दाखवा मुलीकडच्यांना."

"मृणू, तुझ्या सासरी..." पार्वती म्हणाली. खरी धाकधूक तिला हीच होती.

"ओमकारला आला फोन. दीप्यानं त्याचा नंबर 'भावोजी' नावानं ठेवलाय, बी मध्ये. तो बोलला, घाबरू नका, मला पण येतात. वेगळ्या ॲपचे." मृणालीला मेंदीचा हात कमरेवर ठेवता येईना, म्हणून तिनं तो नुसताच हवेत धरला. "त्याच्याशी मी लग्नानंतर बोलणार आहे."

अशा वेळेला हिरामण टेम्पो घेऊन आला. मागे बांबू, उंबराच्या फांद्या आणि मेढीचा लांब खांब. अंगणात गर्दी बघून त्याला वाटलं कोण तरी गेलं. उतरून तो दोन पावलं आला, तोच महादू ओट्यावरून उठला. सहा वर्षांत पहिल्यांदा भावाकडं तोंड करून बोलायला निघाला, पण सवय वाईट. त्यानं बकरीकडंच बघितलं.

"बकऱ्ये, सांग त्याला. त्याच्या पोराचा जामीन मी हाय. पयलं नाव माझं."

हिरामणनं सगळं ऐकून घेतलं. अनंतानं थोडं सांगितलं, बॅंजोवाल्यानं थोडं वाढवलं. कर्जाचं ऐकून तो चिडला नाही. दीपेशकडं बघून म्हणाला, "पाच भरलेस ना? मग झालं." पार्वतीनं श्वास सोडला. मग हिरामण म्हणाला, "काकाचं नाव लिवलंस?"

"पप्पा, मी..."

"बरोबर हाय. मी कोन? मी टेम्पोचा डायवर."

तो परत फिरला, टेम्पोत जाऊन बसला आणि काचा वर केल्या. उन्हात, बंद टेम्पोत, दोन्ही काचा लावून. पार्वतीनं कपाळाला हात लावला. कोंडूबाबाचं रक्त. त्याला मचवा होता, याला टेम्पो.

ती काचेशी गेली. "अहो, बाहेर या. शिजाल."

आतून आवाज आला, बुडलेल्या माणसासारखा. "ज्याचं नाव लिवलं त्यानं लावून द्यावं पोरीचं लग्न."

"अहो, ते मानाचं न्हाय, ते वसुलीचं नाव."

"मग मला क्याला नाय फोन आला? अनंता गॅरेजवाल्याला आला. चिकनवाल्याला आला. मी बाप हाय ना? का बाप म्हणून पन थोरल्याचंच नाव लिवायचं?"

पार्वती परत आली तर दारात रिक्षा. कामतघरहून नणंद जानकीबाई उतरत होती, दोन्ही भावांची एकुलती एक थोरली बहीण, हातात बांगड्यांचा डबा. तिनं ओट्यावरची रांग बघितली, चौकशी केली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "थांब. वळव."

"वन्सं, काय झालं?"

"काय व्हयाचं? अख्ख्या गावाला फोन गेला. चिकनवाल्याला गेला. मना गेला का? मी कोन, परटिणीची सासू? या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवला, त्याच्या फोनमध्ये माझा नंबर हाय का न्हाय?"

"हाय, आत्या," दीपेश रडकुंडीला आला. "ते ए पासनं सुरू करतात. तुझा नंबर जे मध्ये हाय. पप्पा पी मध्ये. संध्याकाळ होईल."

"मग मी संध्याकाळी येते," जानकीबाई म्हणाली आणि रिक्षातच बसून राहिली. रिक्षावाल्यानं मीटर चालू ठेवला.

आता पार्वतीसमोर असा देखावा होता. एक भाऊ खनती घेऊन तयार. दुसरा टेम्पोत उकडतोय. बहीण रिक्षात फुगलीय. खड्डा उघडा पडलाय, त्यात बकरी डोकावतेय. सूर्य डोक्यावर यायला फार वेळ नव्हता. सहा वर्षांनी उघडलेलं दार परत बंद झालं तर ते पोरीच्या लग्नाला बंद राहील आणि मग पोरीच्या पोराच्या बारशालाही. हे भोईर होते, यांना रुसायचं शिकवावं लागत नव्हतं, विसरायचं मात्र जमतच नव्हतं.

तिनं दीपेशच्या हातातून फोन घेतला आणि वसुलीवाल्याचा नंबर स्वतःच फिरवला.

"हॅलो, कौन?" आवाज दमलेला होता.

"दीपेश की आई."

"पैसा रेडी है?"

"पैसे का छोड. तू सुबह से पूरे गाव को फोन करता है, मेरे मालक को क्यों नहीं किया?"

"क्या?"

"दीपेश का बाप. उसको अभी तक एक फोन नहीं. अनंता गॅरेजवाले को किया, वो कोन लगता है हमारा? उसने तो मेरी मिक्सर भी नीट नहीं किया."

"मैडम, लिस्ट से चल रहे हैं. P अभी दूर है."

"दूर-बीर कुछ नहीं. लाइन तोड के कर. और उसके पहले मेरी नणंद को कर, जानकीबाई. वो रिक्षा में बैठी है, जेवेगी नहीं."

"जेवेगी?"

"खायेगी नहीं रे. मोठी है, उसका मान पहले."

"मैडम, आपको शरम नहीं आती?"

"बहुत आती है. लोग विचारते हैं, घर के मालक को फोन क्यों नहीं आया. मैं क्या जवाब देऊ?"

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. वसुलीच्या धंद्यात त्यानं रडणारे, पाया पडणारे, शिव्या देणारे सगळे झेलले असतील. पण मानपान सांभाळायला लावणारी बाई त्याला पहिलीच भेटली. "नंबर बोलो," तो म्हणाला.

रिक्षातला फोन वाजला. जानकीबाईनं तो तीनदा वाजू दिला, अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल इतका. मग पदर डोक्यावर घेऊन उचलला.

"हां, मैं जानकीबाई. कोंडू भोईर की थोरली लडकी. तू बोल... हां... चोर? बोल बोल... अरे पर तेरा आवाज बैठा है. कुछ खाया क्या? ...कायकू चिल्लाता है, मैं इचारते ना. मेरा बाप एक बार चिल्लाया था, तो खाडी का पानी मागे सरक गया था, तीन दिन नावा चिखल में. पोट्टे, तू कायका चिल्लाता है... कवसे पगार नहीं मिला तेरेको? ...हॅलो? हॅलो?"

तिनं फोन कानापासून काढून बघितला. "त्यानंच ठेवला."

वसुलीवाल्यानं आपणहून फोन ठेवला, असं भिवंडी तालुक्यात आधी कधी झालेलं नव्हतं. जानकीबाई प्रसन्न चेहऱ्यानं उतरली, रिक्षावाल्याला पैसे द्यायला दीपेशकडं बोट दाखवलं आणि मांडवाच्या खड्ड्याशी येऊन उभी राहिली. "चांगला मानूस हाय," ती म्हणाली. "घरचे वाईट असतील."

सगळ्यांचं लक्ष आता टेम्पोकडं. बराच वेळ काही झालं नाही. पार्वतीला वाटलं, घाबरला वाटतं तो वसुलीवाला, पी पर्यंत काय पोचत नाही. मग बंद काचेआड हिरामणचा फोन वाजला. तो दचकला. डाव्या बाजूची काच चार बोटं खाली आली. फोन त्यानं डॅशबोर्डवर ठेवला आणि स्पीकर लावला. बाप आहोत, ऐकू दे लोकांना.

"हां. मी दीपेशचा बाप बोलतोय. हिरामण कोंडू भोईर." एकेक शब्द त्यानं आहेराचं ताट ठेवावं तसा ठेवला.

पण जानकीबाईनं वसुलीवाल्याची पार वाट लावलेली होती. त्याचा तोल गेला होता, आणि सगळा राग आता हिरामणवर निघाला.

"तू बाप है? तेरा लड़का चोर, तू चोर, तेरा पूरा खानदान चोर. और वो तेरा बाप, क्या नाम, कोंडू, वो भी चोर..."

पार्वतीनं नंतर रंजिताला सांगितलं की झाडावरचे कावळेसुद्धा चोच मिटून बसले.

टेम्पोचं दार उघडलं ते डावीकडचं उघडलं की उजवीकडचं हे कुणाला सांगता आलं नाही, कारण दोन्ही एकदमच उघडली. एकीकडून हिरामण बाहेर यायला निघाला, दुसरीकडून महादू आत घुसायला. ओट्यावरून टेम्पोपर्यंत तो कसा पोचला, चालत की उडत, यावर अंजूरमध्ये अजून वाद आहे. अनंता म्हणतो उडत.

"कुनाला चोर बोल्ला रे?" महादू डॅशबोर्डवर वाकून ओरडला. "माझ्या बापाला?"

"दादूस, तू थांब," हिरामण ओरडला. "फोन मना आलाय."

"फोन तुझा असंल, बाप माझा पन हाय."

"मग तू बोल, पन आधी मी बोलनार."

"थोरला कोन हाय?"

आणि मग दोघं एकदम बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. खाडीकाठच्या जुन्या शिव्या जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या निघाल्या, काही तर कोंडूबाबा गेल्यापासून कुणी वापरलेल्या नव्हत्या, पण चांगल्या टिकल्या होत्या. एक थांबला की दुसरा उचलायचा. लहानपणी दोघं एकाच जाळ्याची दोन टोकं धरायचे, तसं चाललं होतं. वसुलीवाल्यानं आधी "सुनिए" म्हटलं, मग "सर, सुनिए" म्हटलं, मग "अंकल" म्हटलं. मग फोनमधून टूंटूं यायला लागलं.

महादूनं परत लावला. लागला नाही. हिरामणनं आपल्या फोनवरून लावला. तोही नाही.

"ब्लॉक केला," दीपेश म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला होता.

"असा कसा ब्लॉक करतो?" महादू दुखावून म्हणाला. "माझं अजून संपलं न्हाय."

"उद्या दुसऱ्या नंबरवरनं येईल," मृणालीनं मधे तोंड घातलं. "आलं तर द्यायचा न्हाय एक रुपया. जेवढं घेतलं त्याच्यापेक्षा जास्त फेडून झालंय. मी एकोणीस-तीसला, सायबर पोलिसांच्या नंबरला, तक्रार लावली, आणि दीप्या, तू त्या फोटोसकट, सगळ्या नंबरांसकट उद्या पोलिसांत जायचं."

"उद्या हळद हाय," दीपेश म्हणाला.

"मग शर्ट घालून जा. मोरपंखी. लांबनं दिसशील."

"मी येतो बरोबर," महादू म्हणाला. "जामीन मी हाय."

"बाप मी हाय," हिरामण म्हणाला. "मी जानार."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. टेम्पोच्या दाराला दोघांचाही हात होता. हिरामणनं खाली मान घातली, मागे जाऊन टेम्पोची फळी पाडली आणि मेढीचा खांब ओढला. लांब होता, एका टोकाला तो, दुसरं टोक लोंबकळायला लागलं. महादूनं ते टोक खांद्यावर घेतलं.

खड्ड्यात दूध, हळद, पैसा टाकून झालं. जानकीबाईनं घसा साफ करून गाणं धरलं, तिच्या आवाजाला दोन गल्ल्या सोडून कुत्र्यांनी साथ दिली. महादूनं मेढ उभी केली, हिरामणनं धरली. पार्वतीनं कुंकू लावलं, ते जरा मोठंच लागलं.

मग तिनं एक पाऊल मागं घेतलं आणि लगेच ऐकू आलं.

"वाकडी हाय," हिरामण म्हणाला.

"मेढ सरळ हाय. तू वाकडा उभा हायस."

"दादूस, ती गोदामाकडं कलतेय."

"कलनारच. तिला पन ठाव हाय, तिकडं माझी दीड हात जमीन हाय."

"आता ते काढलंस?"

"मी काढलं? तू भिंत काढ, मी विषय काढत न्हाय."

आवाज चढले. ओट्यावरची रांग उठून मेढीभोवती आली. अनंता दोघांच्या मधे पडायला निघाला तसं पार्वतीनं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

रंजिता घाबरून म्हणाली, "बाय, थांबव ना त्यांना. परत सहा वरसं लागतील."

"लागू दे गं," पार्वती म्हणाली. "बकरीकडं कोनी बघतंय का, बघ आधी."

रंजितानं बघितलं. कुणी बघत नव्हतं. दोघं नाकाला नाक लावून एकमेकांवरच ओरडत होते, संडासाची भिंत, मोजणीवाला, चुन्याची रेघ, सगळं सहा वर्षांचं साठलेलं, समोरासमोर, तोंडावर.

पार्वती आत गेली आणि चुलीवर मोठी कढई चढवली. असं भांडलं की भूक लागते, आणि या दोघांना भूक लागली की एका पंगतीला बसायला जागा कोण कुणाला विचारतो. तिनं पहिला वडा तेलात सोडला, तो टम्म फुगला, आणि बाहेरून महादू ओरडला, "पार्वती, या गाढवाला आधी वाढ, मग मला. धाकटा हाय."

"मला नको आधी," हिरामण ओरडला. "दादूसला वाढ."

पार्वतीनं दोन ताटं काढली आणि एकदमच बाहेर नेली.